उंबरठ्यावरची बोटं

आखाजीला मुलांना गावी न्यायचं, हे मी तीन वर्षं नुसतं ठरवत होते. दरवेळी काहीतरी आडवं यायचं, नाहीतर पुण्यात कुणीतरी म्हणायचं, "एवढ्या उन्हात खानदेशात? मुलं आजारी पडतील." यंदा कुणाचं ऐकलं नाही. अकरा वर्षांची लेक, सात वर्षांचा मुलगा आणि मी, रात्रीच्या गाडीने निघालो. पहाटे चाळीसगावला उतरलो तर भाऊ जीप घेऊन उभा. सकाळी सातला गावात शिरलो तेव्हाच हवा तापायला लागली होती.

अक्षय्य तृतीया सगळीकडेच असते, पण आमच्याकडे ती आखाजी. सोनं घ्यायचा दिवस म्हणून आम्ही तिला कधी ओळखलंच नाही. सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधतात, गाणी म्हणतात. पण सकाळ असते ती पितरांची.

कुंभाराकडची नवी घागर आईने आदल्या दिवशीच धुऊन ठेवली होती. घागरीत पाणी, वर मातीचं छोटं भांडं, त्यावर खरबूज, सांजोऱ्या, दोन आंबे. खरबुजाला आमच्याकडे डांगर म्हणतात. पुण्यात डांगर म्हणजे भोपळा, त्यामुळे माझा मुलगा "हा भोपळा गोड वास का देतोय" म्हणून तीनदा हुंगून आला. मग भावाने उंबरठा धुतला, आई कुंकवाची वाटी घेऊन शेजारी बसली. एकेका पूर्वजाचं नाव घ्यायचं आणि ओलं कुंकू लावलेलं एक बोट उंबरठ्यावर उमटवायचं. भावाने पहिलं नाव नानांचं घेतलं. आमचे वडील जाऊन दोन वर्षं झाली. त्याचा आवाज फुटला तसं आईने न बोलता त्याच्या पाठीवर हात ठेवला. मी चुलीकडे बघत राहिले.

पुढची बोटं मुलांनी उमटवली. आजोबा, पणजोबा, पणजोबांचे वडील. भाऊ नाव सांगायचा, मुलं म्हणायची आणि बोट टेकवायची. सागाचं जुनं लाकूड, मधोमध पाय पडून पडून झिजून खोलगट झालेलं, त्यावर लहानलहान लाल ठिपके. पाच-सहा झाले आणि लेकीने विचारलं, "यांच्या बायका?"

आजीचं नाव सगळ्यांना माहीत होतं. पणजीचं आईला आठवलं. त्याआधीच्या बाईपाशी सगळे थांबले. काकांनी मान हलवली. आई बराच वेळ वाटीकडे बघत होती. म्हणाली, "नाव म्हाईत नही माय. समदा तिले थोरली माय म्हनेत." जिने हे घर उभं राहताना पाहिलं, जिच्या हातच्या पुरणाच्या मांड्यांच्या गोष्टी अजून सांगतात, तिचं नाव आमच्यापैकी एकालाही माहीत नाही. मला फार लाज वाटली. लेकीने "थोरली माय" म्हणत बोट टेकवलं, इतरांपेक्षा जरा जास्त दाबून. तो ठिपका पसरट झाला.

दुपारी खापरावरची पुरणपोळी, आमरस, रशी, कुरडई. संध्याकाळी झोका. ज्या कडुलिंबावर मी लहानपणी झोके घेतले तो रस्ता रुंद करताना तोडला. आता सगळ्या गावाच्या पोरी एका चिंचेवर. रांग मोठी, भांडणं मोठी, तरी लेक अंधार पडेपर्यंत घरी आली नाही.

दुसऱ्या दिवशी आईलाही घेऊन पाटणादेवीला गेलो. चाळीसगावपासून अठरा-वीस किलोमीटर, गौताळ्याच्या अभयारण्यात. मे महिन्यात तिथे हिरवं काही शोधू नये. केदारकुंडाच्या धबधब्याच्या जागी नुसता काळा, कोरडा कडा, सागाची पानं गळून पायाखाली कुरकुरतात, आणि त्या करड्या रानात एखादाच बहावा पिवळाधमक. मला हे रान पावसाळ्यापेक्षा असंच जास्त आवडतं, डोंगराची हाडं दिसतात. चिडचिड झाली ती वाटेवरच्या चिप्सच्या पिशव्यांनी. देवीला ओटी भरून परत जाताना कचरा रानात टाकणारी माणसं मला कळत नाहीत. मुलांनी एक पिशवी भरून गोळा केला, तरी बराच उरला.

देवळाच्या उंच ओट्यावर सावलीला बसून मी मुलांना गणिती भास्कराचार्यांची गोष्ट सांगितली. जन्म 1114 चा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला, त्यातलाच एक भाग 'लीलावती'. त्यांचा नातू चांगदेव यादव राजा सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी होता. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने इथे, पाटणला, मठ काढला. शके 1128 च्या शिलालेखात हे सगळं कोरलेलं आहे. त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंत घराण्याची यादीच आहे, बापानंतर मुलगा, मुलानंतर नातू. लेक म्हणाली, "म्हणजे यांनाही थोरली माय आठवली नाही."

लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे. "इयां पाटणीं जें केणें उघटे" अशी त्याची सुरुवात. या पाटणात जो माल विकायला उघडेल त्यावरचा राजाचा कर मठाला दिला, असा मजकूर. दिला याला तिथे 'दीन्हला' म्हटलंय. हे ऐकून आई एकदम सरसावून बसली. "आमी बी दिन्हंच म्हनतस ना!" आठशे वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला शब्द आईच्या तोंडून ऐकताना अंगावर काटा आला. शाळेत आमच्या याच अहिराणी बोलीसाठी मला वर्गात उभं करत, "शुद्ध बोल" म्हणून. मुलांशी मी अहिराणी बोललेच नाही, त्याला तेही एक कारण आहे. परतीच्या वाटेवर मुलगा प्रत्येक गोष्टीला "दिन्हं, दिन्हं" करत होता आणि आई त्याला आणखी शब्द देत होती.

त्या रात्री अंगणात खाटा टाकल्या होत्या. लेकीने वहीत उंबरठ्यावरची सगळी नावं उतरवून काढली. शेवटी तिच्या आजीचं, म्हणजे माझ्या आईचं, नाव लिहायला लागली तेव्हा आई हळूच म्हणाली, हे तर मला सासरी आल्यावर मिळालेलं नाव, लग्नात तांदळाच्या ताटात लिहिलं ते. त्याआधी मला माहेरी दुसऱ्या नावाने हाक मारायचे. त्रेचाळीस वर्षांची मी, आणि आईचं ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं. भावालाही माहीत नव्हतं. लेकीने ते वहीत लिहिलं आणि आईला विचारलं, "वेलांटी पहिली की दुसरी?"

आई म्हणाली, "दुसरी. लांब काढ."