हिरडीवरची गाठ काढताना : माझा अनुभव

वरच्या पुढच्या दोन दातांमधून आलेली, हरभऱ्याएवढी, गुलाबी, कडक गाठ. पुण्यातल्या माझ्या दवाखान्यात अशी गाठ घेऊन बहुधा पंचविशीच्या आतल्या मुली येतात, सोबत धास्तावलेली आई असते. ही पुष्कळदा पेरिफेरल ऑसिफाइंग फायब्रोमा, म्हणजे आत हाडाचे कण धरू शकणारी तंतूंची गाठ निघते. कॅन्सर नव्हे, पण अर्धवट काढली की पुन्हा उगवणारी.

तरी नुसतं बघून मी नाव देत नाही. ब्रश लागताच भळभळणारी, मऊ गाठ, त्यातून बाई गरोदर असेल, तर पायोजेनिक ग्रॅन्युलोमा, म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांनी भरलेली साधी गाठ, आधी आठवतो. जांभळट असेल तर जायंट सेलचा, म्हणजे अवाढव्य पेशी असलेला ग्रॅन्युलोमा. गाठीवर काचपट्टी दाबतो. रंग पार उडाला आणि सोडताच परत भरला, तर ती रक्तवाहिन्यांची असू शकते, तिथे सुरी लावायची नाही. मग दाताचा छोटा एक्स-रे, खालचं हाड झिजलंय का ते पाहायला. मिश्री लावणाऱ्या बाईच्या गाठीशेजारी पांढरा चट्टा दिसला, तर त्याचा तुकडा तपासणीसाठी वेगळ्या डबीत.

भूल २ टक्के लिग्नोकेनची, अ‍ॅड्रिनलिनसह. सुई गाठीत नाही, भोवती टोचायची; आत टोचली तर गाठ फुगते आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची रचना बिघडलेली दिसते. चिमट्यानेही ती चिरडते, म्हणून मी गाठीतून एक टाका ओवून तिला उचलून धरतो.

खरी चूक होते ती पुढे. समोरची हिरडी सरकलेली दिसू नये म्हणून वरवर कापलं जातं. ही गाठ दाताभोवतीच्या तंतूंतून उगवते, त्यामुळे हाडावरच्या आवरणापर्यंत जाऊन ते तंतूही खरवडावे लागतात, आणि शेजारच्या दातांवरचं किटण त्याच बैठकीत काढावं लागतं. दात थोडा लांब दिसेल, हे मी भूल देण्याआधीच सांगतो.

गाठ लगेच १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, म्हणजे पेशी टिकवणाऱ्या द्रवात, तोही तिच्या दहापट तरी. एकदा बाहेरून आलेला तुकडा सलाईनमध्ये होता. पेशी कुजल्या, निदान झालंच नाही. त्या मुलीचं फार वाईट वाटलं. आत हाडाचे कण असले तर ते आधी मऊ करावे लागतात, रिपोर्टला जास्त दिवस लागतात. रिपोर्टमध्ये जायंट सेल आल्या, तर रक्तातलं कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड हार्मोन तपासून घेतो, कारण गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी जास्त काम करत असली तरी अशी गाठ येऊ शकते.

टाके सातव्या दिवशी. नंतर महिन्याने, सहा महिन्यांनी आणि वर्षाने तीच जागा बोटाने चाचपून बघतो.