मशीन तापलीच नव्हती

"साहेब मशीन तापलेली नाही, नुसता डिस्प्ले बोंबलतोय." एक्सकॅव्हेटरचा ऑपरेटर सकाळपासून हेच सांगत होता, वाफ नाही, वास नाही, कूलंट फुल, पण ऐकतंय कोण. नवा टेम्परेचर सेन्सर बसवूनही झाला होता, तरी काटा लालमध्येच आणि इंजिनची पॉवर कट.

थर्मोस्टॅट हाउसिंगवर, म्हणजे इंजिनचं गरम कूलंट जिथून जातं तिथे, टेम्परेचर गन मारली तर ८४ डिग्री, म्हणजे नॉर्मल. मग सेन्सरचं कनेक्टर काढलं. हा सेन्सर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, त्यामुळे सर्किट ओपन केलं की काटा एकदम खाली पडायला हवा. काटा हललाच नाही!

म्हणजे घोळ वायरिंगमध्ये. हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, चाचपत मागे मागे गेलो, एका ब्रॅकेटच्या कडेला सिग्नल वायर घासून घासून तांबं उघडं पडलेलं आणि ते थेट बॉडीला टेकलेलं. म्हणजे सिग्नल बॉडीला शॉर्ट, रेझिस्टन्स जवळजवळ शून्य, आणि डिस्प्लेला वाटतंय इंजिन तापलंय.

फॉल्ट कोड, म्हणजे मशीन स्वतः दाखवते तो बिघाडाचा नंबर, सर्किटकडे बोट दाखवतो, पार्ट खराब आहे असं म्हणत नाही, तरी कोड दिसला की आधी पार्टच बदलतात, याचा मला खरंच राग येतो. आणि जो माणूस दिवसभर त्या मशीनवर बसतो त्याला लॅपटॉप लावायच्या आधी कोणी काही विचारतच नाही.

तुमच्याकडे विचारतात का?