मीटरचं भाडं आणि ॲपचं भाडं
टॅक्सीच्या मीटरमध्ये दोन हिशोब चालू असतात, गाडी पळतेय तोवर अंतराचा आणि सिग्नलला अडकली की वेळेचा, म्हणून ट्रॅफिकमध्ये गाडी जागची हलत नसली तरी आकडा पुढे सरकतोच. बहुतेक ठिकाणी हे दर सरकारच ठरवतं, मीटर तपासून सील करतं, त्यामुळे रस्त्यात हात करून गाडी थांबवली की घासाघीस करत बसावं लागत नाही. ॲपला असलं सील नाही. पाऊस आला, गाड्या कमी पडल्या की भाडं दीडपट दुप्पट, आणि ते कसं काढलं ते कुणी सांगत नाही. मला स्वीडनची पद्धत आवडते, तिथे १९९० मध्ये दर मोकळे केले पण गाडीवर स्टिकर सक्तीचं, १० किलोमीटर आणि १५ मिनिटांच्या प्रवासाचे किती होतील ते त्यावर लिहायचं, म्हणजे बसायच्या आधीच कळतं. आणि ॲपच्या भाड्याला नुसती वरची मर्यादा घालून भागत नाही हो, ड्रायव्हरच्या हातात काय पडतं तेही बघायला हवं! न्यूयॉर्कने २०१८ मध्ये ॲपवाल्या ड्रायव्हरांसाठी किमान मोबदल्याचा नियम केला, त्यात रिकामी गाडी घेऊन थांबण्यात जाणारा वेळसुद्धा धरलाय. कंपनी प्रत्येक फेरीमागे कमिशन किती कापते तेही पॅसेंजरच्या बिलावर छापायला लावलं पाहिजे असं माझं ठाम मत आहे.