रेंजच्या गणितात घुसलेला २

परवा अकरावीच्या वर्गात य = (क्ष² − ५क्ष + ६)/(क्ष² − ४) या फलनाची डोमेन (क्ष ला चालणाऱ्या किंमती) आणि रेंज (य ला मिळणाऱ्या किंमती) काढायला दिली होती. डोमेन सगळ्यांनी चुटकीसरशी काढलं: छेद शून्य होऊन चालणार नाही, म्हणून २ आणि −२ वगळा. रेंजवर मात्र दोन तट पडले.

बहुतेकांनी (क्ष − २) छाटून य = (क्ष − ३)/(क्ष + २) केलं आणि १ सोडून सगळ्या वास्तव संख्या लिहिल्या. हे उत्तर दरवर्षी येतंच. छाटलेल्या रूपात २ घातला की −१/४ येतो, ती किंमत दुसऱ्या कुठल्याच क्ष ला मिळत नाही, तेव्हा तीही बाद.

मागच्या बाकावरच्या एकीने काही न छाटता तिरकस गुणाकार केला होता: (य − १)क्ष² + ५क्ष − (४य + ६) = ०. विवेचक, म्हणजे ऋण नसला की वर्गसमीकरणाला वास्तव मुळं आहेत असं सांगणारा ब² − ४अक, आला (४य + १)².

"सर, हा पूर्ण वर्ग आहे, ऋण होणारच नाही. म्हणजे रेंज सगळ्या वास्तव संख्या!"

आकडेमोड बिनचूक होती, म्हणून तर मजा. म्हटलं, य = −१/४ घालून मूळ काढ. दोन्ही मुळं २. आता १ घाल. वर्गाचं पद उडालं, ५क्ष = १०, पुन्हा २. मग मी काही न सांगता तिने ० घातला: २ आणि ३. पुढे य = २ घेतला: २ आणि −७.

"सर, हा २ दरवेळी येतोय!"

येणारच. २ ला अंश आणि छेद दोन्ही शून्य, त्यामुळे तिरकस गुणाकारानंतर य काहीही असो, ० = ० होतं. विवेचक त्या २ च्याच जिवावर होकार देत होता. २ तर डोमेनमध्येच नाही. बघायचं ते दुसरं मूळ. य = −१/४ ला तेही २, आणि १ ला दुसरं मूळच नाही. त्या दोन किंमती वगळल्या की रेंज पुरी.

"मग विवेचकाची रीत सोडूनच द्यायची का?" पुढच्या बाकावरून प्रश्न. छे! अंश-छेदात सामाईक अवयव नसेल तर असं मूळ शिरूच शकत नाही. य = क्ष/(क्ष² + १) ला १ − ४य² ≥ ० वरून −१/२ ते १/२ हे सरळ मिळतं; फक्त य = ० ला वर्गाचं पद उडतं, म्हणून तो वेगळा तपासायचा. तो मागच्या बाकावरच्या त्या मुलीनेच तपासला.