एमएस, मे महिना आणि वॉटरपार्क

"पाण्यात किती वेळ असणार आणि पाण्याबाहेर किती?" मे महिन्यात वॉटरपार्कला जाऊ का, असं विचारल्यावर माझ्या न्यूरोलॉजिस्टनी उलट मलाच हे विचारलं. जा किंवा जाऊ नका असं काहीच म्हणाले नाहीत. मग मी त्या प्रश्नावरच सगळा बेत बेतला.

मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, सगळे एमएस म्हणतात तो. मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या तंतूंवर मायलिनचं वेष्टन असतं. या आजारात आपलीच प्रतिकारशक्ती ते कुरतडते. वेष्टन गेलेल्या जागी संदेश कसाबसा पुढे सरकत असतो, आणि अंगाचं तापमान जरा चढलं की तिथेच अडतो. जरा म्हणजे अर्धा अंश सेल्सिअससुद्धा पुरतो. माझ्या उजव्या डोळ्यापुढे आधी धुकं येतं, मग उजवं पाऊल फरशीला घासू लागतं, आणि तरीही थांबले नाही तर बोटांतून वस्तू निसटतात. व्यायामानंतर रुग्णांची नजर मंदावते हे १८९० साली विल्हेल्म उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने नोंदवलं, म्हणून या प्रकाराला त्याचं नाव मिळालं. एमआरआय नव्हता त्या काळी एमएसचा संशय आला की रुग्णाला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का ते बघत. ती चाचणी आमच्या गोव्यातल्या फोंड्याचा मे महिना माझ्यावर दरवर्षी फुकटात करतो.

यात नवी इजा होत नाही. अंग थंड झालं की डोळा आणि पाय पूर्वपदावर येतात. मला हे लवकर पटलं, आईला अजून पुरतं पटलेलं नाही. "मेच्या उन्हात कुत्रीसुद्धा पडवी सोडत नाहीत, आणि हिला पार्कात जायचंय!" हे तिचं मत. पण ताई बेळगावहून मुलांना घेऊन आली होती. भाचीची दहावी संपलेली, भाचा सहावीतला. "मावशी, चल की! तू नुसती पाण्यात बस, बाकीचं आम्ही बघतो." त्यांना नाही म्हणणं मला कधी जमलेलं नाही.

आता गोव्याच्या गरमीबद्दल. मोबाइलवर ३३ किंवा ३४ अंश दिसतात आणि नागपूरची माणसं हसतात. पण आपल्याकडचा आकडा फसवा असतो, खरा त्रास हवेतल्या दमटपणाचा. एक लिटर घाम सुकला तर अंगातून सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता जाते, पण त्यासाठी तो सुकायला हवा. दमट हवेत घाम नुसता ओघळतो, कपडे भिजतात आणि उष्णता अंगातच राहते. मार्च २०२३मध्ये उष्णतेच्या लाटेचा इशारा आला तेव्हा गोव्यातल्या शाळा दुपारी बाराच्या आत सोडल्या होत्या. मी शिकवते ती शाळाही त्यात होती, आणि त्या दिवशी घरी लवकर पोचल्याचा आनंद मुलांपेक्षा मला जास्त झाला असावा.

या दमटपणानेच माझं कूलिंग जॅकेट निकामी केलं. पाण्यात भिजवून, पिळून अंगात घालायचं तसलं ते जॅकेट. कापडातलं पाणी उडत जातं तसतसं अंग गार होतं. एप्रिलमध्ये ताईकडे गेले होते तेव्हा बेळगावच्या कोरड्या दुपारी ते घालून मी बाजारात फिरले, आणि ते मस्त चाललं. तेच फोंड्यात घातलं तर अर्ध्या तासात अंगावर कोमट ओलं पोतं असल्यासारखं वाटू लागलं. माठातलं पाणी पावसाळ्यात गार होत नाही, त्यातलाच प्रकार. ऑनलाइन वाचून जॅकेट घेणार असाल तर पाण्यावर चालणारं आपल्या किनाऱ्यावर घेऊ नका. जेल पॅक आत घालायचं घ्या, किंवा माझ्यासारखं करा. मी साध्या जॅकेटला आतून दोन पाठीकडे आणि दोन छातीकडे असे खिसे शिवून घेतले आणि फ्रिजरमधले जेल पॅक पंच्यात गुंडाळून त्यात घातले. थेट कातडीला लावायचे नाहीत. माझ्यासारखी बधिरता असेल तर गारठ्याने कातडी भाजली तरी कळत नाही.

औषधांचं गणित वेगळंच होतं. लघवीच्या घाईसाठी मी ऑक्सिब्युटिनिन घेते, आणि त्या गोळीने घाम कमी येतो. म्हणजे आधीच न सुकणारा घाम, तोही कमी. डॉक्टरांनी त्या दिवसाची सकाळची गोळी वगळायला सांगितली. पाय आखडू नयेत म्हणून बॅक्लोफेन घेते, ती मात्र चुकवायची नाही, कारण अचानक बंद केली तर महागात पडते. हा सल्ला माझ्या डॉक्टरांनी माझ्यासाठी दिलेला आहे. तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकाही गोळीला हात लावू नका. गोळी वगळल्याचा अर्थ उघड होता: संडास कुठे आहे ते आधी बघून ठेवायचं. एमएसवाले बरेच जण बाहेर जाताना पाणीच पीत नाहीत, मीसुद्धा शाळेत तेच करते. पण उन्हात ते चालणार नव्हतं. मग ताईने दर पंधरा मिनिटांनी दोन घोट पाजायचं ठरलं, एकदम बाटली संपवायची नाही.

पार्क उत्तर गोव्यातल्या बार्देश तालुक्यात, म्हापशाच्या बाजूला. आधी फोन केला.

"पाण्याचं तापमान किती असतं?"
"मॅडम, पाणी थंडच असतं."
"हो, पण किती अंश?"
"थंड म्हणजे थंड, मॅडम."

त्यांचं काही चुकलं नाही, हे कोण विचारतं? पण एमएससाठी पाणी २९ अंशांच्या वर नको म्हणतात, आणि उन्हात तापलेला उथळ हौद सहज त्याच्या वर जातो. म्हणून बाळाच्या आंघोळीचा तरंगता थर्मामीटर घेतला. भाच्याला तो इतका आवडला की दिवसभर त्याच्याच गळ्यात होता.

कागदपत्रं दोन. डॉक्टरांच्या लेटरहेडवर तीन ओळी: आजाराचं नाव, उष्णता सोसत नाही, जेल पॅक-पाणी-औषधं सोबत लागतात. आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे सरकारचं दिव्यांग ओळखपत्र. दिव्यांग हक्क कायदा २०१६मध्ये २१ प्रकार दिले आहेत, त्यात मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, हे आपल्याकडे बऱ्याच जणांना ठाऊक नाही. मी चालताना धडधाकट दिसते, निदान सकाळी तरी, त्यामुळे कार्डाशिवाय माझं कोण ऐकणार? फाटकावरच्या रखवालदाराने बर्फाची पिशवी बघून हात आडवा केला, चिठ्ठी वाचून साहेबांना बोलावलं आणि पाच मिनिटांत आत सोडलं. पेजेचा थर्मॉस मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीत नव्हता, तो गाडीतच राहिला.

आम्ही सोमवार निवडला. फाटक उघडायच्या वेळी हजर राहायचं आणि एकला बाहेर पडायचं, मग कोणी कितीही रडो. भावोजींनी गाडी एसी लावून आधीच गार केली होती. फोंड्याहून म्हापशाकडे जाईपर्यंत मी जॅकेट घालूनच बसले. आधी थंड होऊन मग उन्हात जायचं, ही माझी सगळ्यात कामाची युक्ती. अंग दोन पायऱ्या खालून सुरू झालं की वर चढायला वेळ लागतो.

पायांचं सांगायलाच हवं. पार्कात सगळे अनवाणी असतात आणि अकरानंतर सिमेंटची वाट तव्यासारखी तापते. इतर लोक उड्या मारत पळतात. माझे तळवे बधिर, मी शांतपणे चालत गेले असते आणि संध्याकाळी फोड बघितले असते. म्हणून पाण्यात घालायचे रबरी बूट घेतले होते. घसरगुंडीवर ते चालत नाहीत, पण जिन्याच्या वरच्या पायरीपर्यंत चालतात. तिथे काढायचे, भाचीने ते खाली आणायचे. पोहण्याचा पोशाखही एकसंध घेऊ नका. ओला एकसंध पोशाख बधिर बोटांनी संडासात उतरवणं हा छळ आहे. लेगिंग आणि वर सैल टॉप, दोन्ही नायलॉनचे.

आत गेल्यावर पहिलं काम म्हणून जीवरक्षकाला भेटले. एक पाय मध्येच दगा देतो, म्हणून लाइफ जॅकेट घालणार, आणि कडेपासून लांब जाणार नाही, असं सांगितलं. तो गोव्याचाच मुलगा. त्याने काही न विचारता लाटांच्या हौदाच्या कडेला, त्याच्या खुर्चीसमोर, शेडची सावली पडते तिथली जागा दाखवली. थर्मामीटर टाकला: २८. मुलांचा उथळ हौद तेव्हाच ३१ दाखवत होता, तिकडे मी फिरकलेच नाही. पाणी हवेपेक्षा पंचवीसएक पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे २८ अंशांच्या पाण्यात मानेपर्यंत बसलं की वीस मिनिटांत अंगाला कळतं. डॉक्टरांचा प्रश्न मला इथे खऱ्या अर्थाने समजला. पाण्यात मी इतर कुणाहीइतकी बरी होते. माझ्यासाठी पार्कातला सगळा धोका रांगेत, जिन्यावर आणि खाण्याच्या टेबलावर होता.

घसरगुंडीचा हट्ट भाच्याचा. मनोऱ्याचा जिना भर उन्हात, आणि चढताना स्नायूही उष्णता तयार करतात. कार्ड दाखवून विचारलं. तिथल्या पर्यवेक्षकाने सांगितलं, "मुलं रांगेत राहू देत, तुम्ही खाली सावलीत बसा, पाळी जवळ आली की हाक मारू." मी सावलीत नाही, पाण्यात बसले. हाक आल्यावर मधल्या प्रत्येक वळणावर थांबत वर गेले. माथ्यावर पोचेस्तोवर उजव्या डोळ्यापुढे धुकं आलंच. खालचा निळा हौद डागासारखा दिसत होता. भाची म्हणाली, "मावशी, परत खाली जाऊया की." पण उतरायचा जिना लांब आणि गरम, घसरगुंडी काही सेकंदांची आणि खाली पाणी. मी बसले. खाली पोचल्यावर दहा मिनिटं हौदाबाहेर आले नाही, आणि धुकं विरलं. दुसऱ्या घसरगुंडीला भाच्याने स्वतःच "नको" म्हटलं. माझ्या तोंडाकडे बघून म्हटलं असणार.

ताईशी एक ठरलं होतं. डोळा, पाय, बोटं या माझ्या नेहमीच्या गोष्टी, त्यासाठी पाणी, सावली, जेल पॅक. पण मी असंबद्ध बोलू लागले, उलटी झाली किंवा अंग भट्टीसारखं तापलं, तर तो एमएस नाही, उष्माघात समजायचा. थेट १०८, आणि गाडी येईपर्यंत अंगावर पाणी ओतत राहायचं. म्हापशाचं जिल्हा रुग्णालय जवळच आहे, हे आईला फोनवर दोनदा सांगावं लागलं. चोवीस तासांत लक्षणं गेली नाहीत तर मात्र डॉक्टरांना कळवायचं, कारण मग तो आजाराचा नवा झटका असू शकतो.

साडेबाराला लाटांच्या हौदानेही २९ दाखवले. ताई म्हणाली निघूया, मुलं म्हणाली अजून अर्धा तास, मी ताईची बाजू घेतली. गाडीत पेज, मिठातले आंबे आणि सुकं खारं, म्हणजे खारवलेली सुकी मासळी. घामाने गेलेलं मीठ परत यायला याहून बरी सोय मला माहीत नाही. वाटेत आडसर, म्हणजे शहाळी, फोडून घेतले. घरी गार पाण्याने आंघोळ झाल्यावर डोळा लगेच लख्ख झाला. पाय रात्रीपर्यंत थोडा ओढत होता, सकाळी उठले तेव्हा ठीक होता. कोणती तक्रार कधी सुरू झाली आणि कधी गेली, ते वेळेसकट वहीत लिहून डॉक्टरांना दाखवलं. वही वाचून त्यांनी उन्हाळ्यापुरती ऑक्सिब्युटिनिनची वेळच बदलून दिली.

आता घरात वाद चालू आहे. ताई म्हणते पुढच्या खेपेला डिसेंबरात जाऊया, हवा कोरडी असते. हवेचं खरं आहे, माझं पाण्यावरचं जॅकेटही तेव्हा थोडंफार चालेल. पण डिसेंबरात सगळा देश गोव्यात असतो, आणि माझं घोडं अडतं ते रांगेत. मी ऑक्टोबरच्या सुट्टीतला सोमवार सुचवलाय. भाच्याने थर्मामीटर बेळगावला नेलाय, तो आधी परत यायला हवा.