कॉमिकला जाताना घाई नको

हिमाचलच्या स्पिती खोऱ्यातलं कॉमिक हे गाव सुमारे ४,५०० मीटरवर आहे. मनालीहून कुंझुम खिंडीतून एका दिवसात काझा गाठणारे इथेच फसतात, कारण शरीराला उंचीची सवय व्हायला वेळच मिळत नाही: डोकं ठणकतं, मळमळतं, जेवण जात नाही. त्यापेक्षा शिमल्याकडून या. कल्पा, ताबो, मग काझाला दोन रात्री. कॉमिक तिथून दिवसात होतं. वाटेत लांग्झा गाव आणि हिक्किमचं पोस्ट ऑफिस. कॉमिकला मुक्काम करायचाच तर काझातल्या दोन रात्रींनंतर. चढावर धाप लागणारच, पण बसल्या जागी लागली तर ताबडतोब खाली उतरा. ‘रात्र काढून बघू’ म्हणू नका. पेट्रोल काझातच भरा, रोख पैसे तर त्याआधीच काढून ठेवा. आणि हो, पाणी कॉमिकला ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळ नीट शिजत नाही.