मार्च एंडिंग आणि पळस

अकरा वर्षं मी नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्स सांभाळले. पळस फुलतो फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि अकाउंट्सवाल्यांचा मार्च कसा जातो ते वेगळं सांगायला नको. रविवारीसुद्धा ऑफिस. एप्रिलमध्ये सवड काढून काटोल रोडने गोरेवाड्याच्या बाजूला जावं, तर झाडाखाली नुसता वाळक्या, काळपट पाकळ्यांचा सडा. म्हणून मी फोटो बघून पळसाची चित्रं काढायचे, आणि दरवेळी झाडाला आग लागल्यासारखं काहीतरी भडक उमटायचं.

२०२२ च्या मार्चमध्ये दाढ काढायला अर्धा दिवस सुट्टी घेतली. परतताना रस्त्याकडेचं एक फूल टिफिनच्या डब्यात घालून आणलं आणि रात्री भिंगाखाली धरलं. बुडाची वाटी मखमली, दिसायला काळी, पण जवळून पाहिली तर गर्द हिरवट तपकिरी. पोपटाच्या चोचीसारख्या वाकड्या पाकळीवर बारीक रुपेरी लव. त्या लवेमुळे केशरी रंग किंचित धुरकट होतो, आणि तेच मला इतकी वर्षं सापडत नव्हतं. दोन वाजेपर्यंत मी ती एक पाकळी काढत बसले होते. दुसऱ्या दिवशी ताळेबंद जुळवताना मनात तेवढंच होतं.

नोकरी सोडायची हे ठरलं, पण घरात अडलं ते पैशापेक्षा मेडिक्लेमवर. सासूबाई ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत होत्या आणि त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन समोर दिसत होतं. "चित्रं काढ बापा, पण माझ्या गुडघ्याचं पाहून काढ," त्या म्हणाल्या. बरोबरच होतं त्यांचं. ग्रुप पॉलिसीतून वैयक्तिक पॉलिसीत जायचा अर्ज मी नोकरीत असतानाच दिला. हे कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहिते. १८ महिन्यांचा घरखर्च वेगळ्या खात्यात टाकला. ग्रॅच्युइटी मिळाली, दर वर्षामागे १५ दिवसांचा मूळ पगार या हिशेबाने. सप्टेंबरात राजीनामा दिला, दोन महिन्यांचा नोटीस पिरियड संपवला.

शेवटच्या दिवशी एक सहकारी म्हणाले, "ताई, कुठंही जा, पळसाला पानं तीनच." त्यांनी प्रेमानेच म्हटलं. मी नंतर ती तीन पानं समोर ठेवून काढली. मधलं मोठं आणि रुंद, बाजूची दोन तिरकस. तिन्ही सारखी नाहीत.

पहिला मोकळा मार्च २०२३ चा. रोज पहाटे साडेपाचला झाडाखाली. आमच्याकडे होळीला पळसफुलं उकळून रंग करतात, तेव्हा वाटलं, पळसाचं चित्र पळसाच्याच रंगात का नको? फुलं रात्रभर भिजवली, उकळली, तुरटी घातली. कागदावर असा काही उजळ पिवळा-केशरी उतरला की मी हरखून गेले. त्या रंगातली चार चित्रं विकली गेली.

ऑगस्टमध्ये धरमपेठेतून, त्यातलं एक चित्र घेतलेल्या घरून फोन आला. "ताई, झाड पांढरं पडलं हो." गेले. हॉलमध्ये खिडकीकडची निम्मी फुलं विरून गेली होती, पेन्सिलीच्या रेघा तेवढ्या राहिल्या होत्या. मला फार वाईट वाटलं. माणसाने विश्वासाने भिंतीवर लावलेली वस्तू होती ती. उरलेल्या तिघांना मी स्वतः फोन करून सांगितलं आणि चारही चित्रं नव्याने काढून दिली. या वेळी पायरोल ऑरेंज वापरला, उन्हात टिकणारा. वनस्पतीचा रंग सुंदर असतो, पण विकायच्या चित्रात तो आता मी घालत नाही.

बाकी गोष्टी नागपूरच्या हवेने शिकवल्या. मे महिन्यात जलरंगाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, कागदाच्या दुसऱ्या टोकाला पोचायच्या आत वाळतो. कूलरच्या ओल्या हवेत, वाळ्याच्या ताट्यांपाशी टेबल सरकवलं की थोडा वेळ मिळतो. पावसाळ्यात उलटं. ३०० जीएसएमचा जाड सुती कागद ओल धरतो आणि रंग डागाडागांनी बसतो, म्हणून तो प्लॅस्टिकमध्ये बांधून पत्र्याच्या पेटीत ठेवते.

पैसा पगाराइतका अजून नाही. हिवाळ्यात चित्रं खपतात, उन्हाळ्यात जवळजवळ नाही. शनिवारी गच्चीवर मुलांना पानं-फुलं काढायला शिकवते, त्यातून किराणा निघतो.

धरमपेठेतलं ते फिकं चित्र मी परत आणलं, ते टेबलासमोर लावलं आहे. नवी ट्यूब आणली की तिची एक पट्टी कागदावर ओढायची, निम्मी काळ्या कागदाने झाकायची आणि दक्षिणेच्या खिडकीत चिकटवायची. सध्या सहा पट्ट्या उन्हात आहेत. जूनमध्ये उघडीन.